मेडल खुंटीला, बूट कोपऱ्यात: मोठं ध्येय गाठल्यावर व्यायामाला पुन्हा कसं लागायचं

जानेवारीतला तिसरा रविवार, मुंबई मॅरेथॉन. सोमवारी ऑफिसचा जिना कठडा धरून उतरावा लागतो आणि त्याचंही कौतुक होतं. मंगळवारपर्यंत मेडलचा फोटो स्टेटसवरून उतरलेला असतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कधीतरी लक्षात येतं की पहाटे सव्वाचारचा गजर आपण बंद करून ठेवलाय आणि तो परत लावायला हात जात नाही. बूट दाराशी तसेच पडलेत. त्यांच्या जिभेवर घामाच्या मिठाचे पांढरे वळ, लेसमध्ये अजून अडकलेली टायमिंग चिप.

असं फक्त धावणाऱ्यांचंच होतं असं नाही. वर्षभरात पंधरा किलो उतरवलेले, जिममध्ये पहिल्यांदा स्वतःच्या वजनाइतका डेडलिफ्ट उचललेले, रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार पुरे केलेले, सगळ्यांची गत हीच. घरचे म्हणतात, "आता आळस भरला." आळशी माणूस सोळा-अठरा आठवडे पहाटे उठत नाही. एवढे दिवस तुमचा व्यायाम एका तारखेने उभा धरलेला होता. ती तारीख गेली. मांडवाचा मधला वासा काढला की कापड खाली येतंच, त्यात कापडाचा काही दोष नसतो.

म्हणून 'जिद्द पुन्हा कशी आणू' या प्रश्नाच्या मागे लागू नका. मांडव नव्याने कसा उभा करायचा ते पाहू. खाली उदाहरण मुख्यतः मॅरेथॉनचं घेतलंय, कारण मुंबईत बरेच लोक याच वाटेने इथे येतात. वजन उतरवलेल्यांसाठी एक वेगळा भाग पुढे आहे.

पायरी १: दुखणं, थकवा की कंटाळा?

तिघांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे आधी हे ठरवा.

सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, एक मिनिट नाडी मोजा. असं तीन दिवस करा. शर्यतीआधी तुमची नाडी साधारण ५८ असायची आणि आता रोज ६५-६८ लागतेय, झोपही तुटक आहे, तर शरीर अजून दुरुस्तीत गुंतलंय. हा थकवा. त्याला विश्रांती लागते, प्रेरणेची भाषणं नव्हेत.

मग जिन्याच्या पायरीवर एका पायाने उभे राहा, हाताने भिंतीचा आधार घ्या आणि टाच वर-खाली करा. सावकाश वीस वेळा, दोन्ही पायांनी. दोन्हीकडे जवळपास सारखं जमलं तर पोटऱ्या सावरल्यात. एकीकडे बारावरच पाय थरथरला तर त्या पायाला आणखी आठवडा द्या. नडगीच्या हाडावर किंवा पावलावर बोटाच्या टोकाने दाबल्यावर एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखतंय का? मग धावणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा, कारण हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. ते दुखणं 'पळून मोकळं' होत नाही, तडा मात्र वाढतो. छातीत दुखणं, चक्कर येणं किंवा शर्यतीनंतर लघवी कोलासारखी काळपट होणं, यांत उद्यापर्यंतही थांबू नका. बायकांनी आणखी एक बघावं: सरावाच्या काळात सलग तीन महिने पाळी आली नसेल तर खाणं सरावाला पुरलेलं नसण्याची शक्यता असते, तेव्हा डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

थकवा सरतच नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी आणि दिवसभर एसीत बसणाऱ्या मुंबईकरात यातलं एखादं खाली निघणं नवलाचं नाही.

नाडी ठीक, पोटऱ्या ठीक, झोप ठीक, तरीही बूट घालवत नाहीत? मग हा कंटाळा. पुढचं सगळं त्याच्यासाठी. एक अपवाद लक्षात ठेवा. मन फक्त व्यायामातूनच उडालेलं नसेल, जेवण, माणसं, काम सगळंच दोन आठवड्यांहून जास्त काळ नकोसं झालं असेल, तर तो व्यायामाचा प्रश्न राहिला नाही. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं.

पायरी २: सुट्टी घ्या, पण परतीच्या तारखेसकट

न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर यांनी १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी साधारण २ तास ११ मिनिटांत मॅरेथॉन धावून रौप्यपदक घेतलं. त्यांच्या नावाने एक ढोबळ नियम चालतो: जितके मैल शर्यत, तितके दिवस कसून धावायचं नाही. पूर्ण मॅरेथॉन २६ मैलांची, म्हणजे २६ दिवस. हाफ असेल तर १३. या दिवसांत काहीच करायचं नाही असा त्याचा अर्थ नाही. चालणं, हलकं धावणं चालतं. घाम काढणारा वेग तेवढा टाळायचा.

पहिले सात दिवस फक्त चालणं, रोज वीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात दोनदा वीस मिनिटं हलकं धावणं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. तिसऱ्या आठवड्यात तेच तीनदा, अर्धा-अर्धा तास.

आणि परतीची तारीख कालनिर्णयवर लिहा. दूधवाल्याचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख जिथे लिहिता, त्याच चौकटीत. 'बघू, जरा बरं वाटलं की' अशी सुट्टी दहावी-बारावीच्या परीक्षांपर्यंत लांबते, मग मार्च एंडिंग, मग गावाला जाणं, आणि एकदम जून उजाडतो.

सुट्टीत काय हरवतं तेही नीट माहीत असलेलं बरं, नाहीतर भीतीने माणूस आठव्या दिवशीच पळायला जातो. दहा-बारा दिवसांत रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो, त्यामुळे पहिल्या धावेला दम जास्त लागतो. तो भाग काही दिवसांतच भरून येतो. स्नायूंची ताकद तीन-चार आठवडे फारशी हलत नाही. वर्षभराची कमाई तीन आठवड्यांच्या विश्रांतीत वाहून जात नाही. तीन महिने पूर्ण बंद ठेवलं तर मात्र बरीच जाते.

पायरी ३: तुम्हाला कोण उठवत होतं, ते लिहून काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण यात घाम येत नाही. कागद घ्या आणि शर्यतीआधीच्या कुठल्याही एका मंगळवारचा व्यायाम कशामुळे झाला ते लिहा. खरं काय ते लिहा, शोभेचं नको. साधारण असं काहीतरी निघतं: साडेपाचला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ग्रुप थांबलेला असायचा. कोचने मोबाइलवर तक्ता पाठवलेला असायचा, आज काय करायचं याचा विचारच करावा लागत नव्हता. शर्यतीची फी भरलेली होती. ऑफिसात लोक विचारायचे, "किती झाले रविवारी?" आणि बायको डबा रात्रीच भरून ठेवायची, कारण 'याची मॅरेथॉन आहे.'

आता यातलं काय उरलं ते बघा. ग्रुपमधले निम्मे सुट्टीवर गेले. तक्ता संपला. फी वसूल झाली. ऑफिसात विचारणं थांबलं. आणि घरची सवलत गेली, ही सर्वांत न बोललेली गोष्ट आहे. चार महिने मुलांना क्लासला सोडायचं काम दुसऱ्याने केलं, ते आता हिशेबासकट परत आलं. ते देणं आधी फेडा. पहिला महिनाभर व्यायामाची वेळ घरच्यांना विचारूनच ठरवा. 'माझा लाँग रन आहे' हे वाक्य चार महिने चाललं, आता त्याला तेवढी किंमत नाही.

यादीतला एक आधार परत उभा करायचा, एकच. बहुतेकांना माणूसच लागतो. अख्खा ग्रुप गोळा करायला जाऊ नका, एकच माणूस गाठा, शक्यतो आपल्याच इमारतीतला किंवा गल्लीतला. "बुधवारी सहाला खाली भेटू, चाळीस मिनिटं." वॉचमनच्या केबिनपाशी कोणीतरी उभं आहे हे ठाऊक असलं की गजर पुढे ढकलायला बोट धजत नाही.

पायरी ४: राखणीचा आठवडा

हीच खरी कामाची पायरी, म्हणून इथे जरा थांबू.

१९८०च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत आठवड्यातून सहा दिवस कसून सराव करणाऱ्यांचे दिवस कमी करून पाहिले. दिवस दोनवर आणले तरी, वेळेची लांबी आणि जोर तोच ठेवला, तर कमावलेला दम पंधरा आठवडे टिकला. जोर कमी केला तेव्हा मात्र दिवस तेवढेच ठेवूनही तो घसरला. नवशिके नेमकं उलटं करतात. रोज अर्धा तास रमतगमत जॉगिंग करतात, दोन महिन्यांनी 'सगळं गेलं' म्हणतात आणि सोडतात.

तेव्हा सुट्टी संपली की आठवड्याला फक्त दोन ठरलेले व्यायाम. तिसरा जमला तर उत्तम, नाही जमला तरी चूक नाही.

पहिला, दमाचा, साधारण चाळीस मिनिटांचा. दहा मिनिटं हलकं धावणं. मग दोन मिनिटं असा जोर की तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, आणि दोन मिनिटं चालणं. असं पाच वेळा. शेवटी दहा मिनिटं हलकं. जागा सपाट आणि सिग्नल नसलेली हवी: शिवाजी पार्कची सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरची फेरी, मरीन ड्राइव्हचा साडेतीन किलोमीटरचा फुटपाथ, वरळी सी फेस. उपनगरात असाल तर सोसायटीभोवतीची फेरीही चालते, फक्त वळणांवर वेग वाढवू नका, गुडघ्याला पीळ बसतो.

दुसरा, ताकदीचा, पंचवीस मिनिटांचा, घरातच. धावणारे हा टाळतात आणि नंतर गुडघ्याच्या तक्रारी घेऊन फिरतात.

खुर्चीवर टेकता न टेकता उठाबशा, १२च्या तीन फेऱ्या. ओट्याच्या कडेवर हात टेकून पुशअप, १०च्या तीन. सोपं गेलं की ओट्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून जमिनीवर या. पाच किलो तांदळाची पिशवी पाठीवरच्या बॅगेत टाकून, पुढे वाकून, बॅग एका हाताने कमरेपर्यंत ओढणं, प्रत्येक हाताला १२च्या तीन. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर वर उचलणं, १५च्या तीन. जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली, १५च्या तीन. शेवटी कुशीवर कोपर टेकून शरीर सरळ धरणं, दोन्ही बाजूंनी तीस-तीस सेकंद. प्रत्येक फेरीनंतर एक मिनिट थांबायचं. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. बाराव्यालाही गप्पा मारता येत असतील तर पिशवीत आणखी दोन किलो टाका. ओट्याजवळची फरशी ओली नाही ना, एवढं बघा.

बाकी दिवस चालणं, पण ते 'व्यायाम' म्हणून वेगळं काढू नका. चर्चगेटबाहेरची शेअर टॅक्सीची रांग सोडून नरिमन पॉइंटपर्यंत चालत गेलात तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. जाऊन-येऊन पाच दिवस म्हणजे दीडशे ते दोनशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, त्यातला पहिला भाग बराचसा इथेच भागतो. फक्त भरभर चाला. लोकल चुकतेय असं समजून चाला, मुंबईकराला तो वेग शिकवावा लागत नाही.

ज्या दिवशी ठरलेला व्यायाम झाला, त्या चौकटीत फुली. किती किलोमीटर, किती वेगाने, काही लिहायचं नाही. नुसती फुली.

एखादा दिवस चुकला तर? लंडनमध्ये २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं दिसलं. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फरक पडला नाही. त्यामुळे 'एकवीस दिवसांत सवय' वगैरे विसरा. चुकलेला व्यायाम दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायचाही नाही. तो गेला, पुढचा करायचा.

पायरी ५: घड्याळ ड्रॉवरमध्ये

मुंबईत या घसरणीत एक फसवणूक असते, ती ओळखा. इथलं ध्येय वर्षातल्या सर्वांत चांगल्या हवेत गाठलेलं असतं. जानेवारीत पहाटे सतरा-एकोणीस अंश. त्यानंतर प्रत्येक महिना आधीच्यापेक्षा वाईट. मेमध्ये पहाटेचं तापमानही २७च्या आसपास असतं आणि हवा दमट. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि सुकल्याशिवाय तो अंग थंड करत नाही. मग शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, स्नायूंना कमी उरतं, आणि त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वर जाते. घड्याळ सांगतं, 'तुमचा फिटनेस घटतोय.' माणूस हिरमुसतो. फिटनेस तेवढाच असतो, एप्रिल आलेला असतो.

म्हणून पहिले आठ आठवडे वेगाकडे बघू नका. घड्याळ ड्रॉवरमध्ये टाका, फोनवर वेळ लावा आणि बोलण्यावरून जोर ठरवा. मोजायचंच असेल तर घामाचं मोजा, ते उपयोगी आहे. धावायच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. पुढच्या दोन-तीन तासांत तेवढं पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू. कोकम सरबतही चालतं, पण वाटेत घोट घोट घ्यायचं असेल तर साखर कमीच घाला, नाहीतर पोटात ढवळतं.

बुटांचंही इथेच बघून घ्या. धावायचे बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतात, आणि मॅरेथॉनच्या सरावात त्यातले बरेच संपलेले असतात. बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली दिसली किंवा मधल्या फोममध्ये आडव्या सुरकुत्या पडल्या असतील तर तो बूट आता भाजी आणायला. "हल्ली पळताना मजाच येत नाही" या तक्रारीमागे मेलेला फोम असतो, असं बरेचदा निघतं.

वजन उतरवलेल्यांसाठी

तुमचं ध्येय काट्यावरचा आकडा होता, म्हणून धोका वेगळा. ध्येय गाठल्यावर दोन दिवस नीट जेवलात की काटा दीड-दोन किलोने वर जातो आणि 'सगळं वाया गेलं' म्हणून जिम सुटते. ती चरबी नव्हे. शरीर चारपाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवतं आणि त्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतं. डाएटमध्ये तो साठा रिकामा होता, आता भरला, एवढंच. त्यात पापड-लोणच्याचं मीठ.

रोज काट्यावर उभं राहायची सवय मोडा. आठवड्यातून तीनदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर वजन घ्या आणि तिन्हींची सरासरी लिहा. चार आठवडे सरासरी सतत चढत राहिली तरच खाण्यात बदल करा. बेंबीच्या पातळीवर टेपने मोजलेली कंबर ही त्याहून खरी गोष्ट सांगते.

हलक्या झालेल्या शरीराला पूर्वीपेक्षा कमी अन्न लागतं आणि भूक मात्र वाढलेली असते, हेही खरं. त्यावरचा आपल्या हातातला उपाय म्हणजे ताकदीचा व्यायाम सोडायचा नाही आणि प्रत्येक जेवणात प्रथिनं ठेवायची: दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण, उसळ, पनीर, मासे, यातलं काहीतरी. जिमचं पुढचं वर्षाचं पॅकेज आताच घेऊ नका, ते कितीही स्वस्त पडो. तीन महिन्यांचं घ्या. पैसे आधी भरले की पाय जिमकडे वळतील या आशेवर जिमचा धंदा चालतो, तुमचा व्यायाम नव्हे.

पायरी ६: पुढचं ध्येय, पण त्याच जातीचं नको

हाफ झाली म्हणून फुल, फुल झाली म्हणून अल्ट्रा. हा रस्ता बहुतेकांना एकदा पुढे नेतो आणि मग त्याहून मोठ्या खड्ड्यात सोडतो. आकडा वाढला, प्रश्न तोच राहिला. आठ आठवडे राखणीचे झाल्यावर असं काहीतरी निवडा की ज्यात तुम्ही पुन्हा नवशिके असाल. नवशिक्याला दर आठवड्याला काहीतरी नवं जमतं, आणि मुरलेल्या माणसाला नेमकं तेच मिळत नसतं.

मुंबईची हवाच ते बरंचसं ठरवून देते. मार्च ते मे पाण्यात जा. शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी जलतरण तलाव आणि महापालिकेचे इतर तलाव आहेत. मॅरेथॉन धावलेला माणूस पहिल्यांदा पंचवीस मीटरवर धापा टाकतो, कारण श्वास पाण्यात सोडायचा असतो हे त्याला माहीत नसतं. पहिले चार दिवस पोहूच नका. कठडा धरून तोंड पाण्यात, नाकाने बुडबुडे, बाजूला मान वळवून श्वास, असं दहा-दहा वेळा. मग फळीवर हात ठेवून पाय मारणं.

जून ते सप्टेंबर घराच्या आत. पावसात रस्त्यावर धावण्यात हौस असते, पण झाकण नसलेल्या गटाराला तुमची हौस ठाऊक नसते. इमारतीचा जिना चढा: दहा मजले चढायचे, खाली लिफ्टने. जिना उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो, म्हणून लिफ्ट. तीन फेऱ्यांपासून सुरुवात, दर आठवड्याला एक वाढवा. किंवा मल्लखांब. तो फक्त लहान मुलांचा नाही, शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिराने तो लहान-थोर सगळ्यांपर्यंत नेलाय. धावणाऱ्यांचे खांदे आणि पकड कच्ची असते, ती इथे उघडी पडते. बूट भिजलेच तर आतली पट्टी काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. ओल्या बुटात बोटांमधल्या नायट्याला आमंत्रण असतं.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून डोंगर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फाटकापासून कान्हेरीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा चढ सुरुवातीला बरा, सोमवारी मात्र उद्यान बंद असतं. मग नेरळला उतरून पेबचा किल्ला, कर्जतहून पेठचा किल्ला. मॅरेथॉनवाल्यांना इथे चढ सोपा जातो आणि उतरताना मांड्या भरून येतात. उतरताना पावलं छोटी आणि गुडघे किंचित वाकलेले ठेवा.

ज्यांना घराबाहेर पडायचंच नाही त्यांच्यासाठी रथसप्तमी आहे. मॅरेथॉननंतर साधारण महिनाभरात ती येते, त्या दिवशी फक्त १२ सूर्यनमस्कारांनी सुरुवात करा आणि दर आठवड्याला सहा वाढवत जा. मनगट दुखायला लागलं तर तळवा पूर्ण पसरून बोटांच्या मुळांवर भार घ्या. सगळा भार तळव्याच्या टाचेवर टाकल्याने ते बरेचदा दुखतं.

हमखास होणाऱ्या चुका

उत्साहाच्या भरात शर्यतीच्या आठवड्यातच पुढच्या तीन शर्यतींची नोंदणी. त्यातली एक दुखापतीत जाते, एक लग्नात जाते, आणि न धावलेल्या शर्यतीचा टी-शर्ट कपाटातून टोचत राहतो.

सुट्टीनंतरचा पहिलाच दिवस जुन्या ग्रुपबरोबर, जुन्या वेगाने. दम सावरलेला असतो, पण पोटरीचा आणि टाचेचा स्नायुबंध अजून मागे असतो. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाच बोचली तर समजा घाई झाली. मग आठवडाभर सपाटीवर चालणं आणि टाचा वर-खाली, तेवढंच.

आणि व्हॉट्सअॅपवरचे ग्रुप. रोज सकाळी सात वाजता कुणीतरी चौदा किलोमीटरचा नकाशा टाकतं. तो बघून जाग येते की अपराधी वाटतं, ते आठवडाभर तपासा. अपराधी वाटत असेल तर ग्रुप म्यूट करा. सोडायची गरज नाही, माणसं चांगली असतात.

पुन्हा तारीख कधी घ्यायची

गेली काही वर्षं मुंबई मॅरेथॉनची नोंदणी ऑगस्टच्या सुमारास उघडते. त्याआधी जुलैच्या शेवटी कालनिर्णयची पानं उलटी चाळा आणि मागच्या आठ आठवड्यांतल्या फुल्या मोजा. ठरलेले व्यायाम सोळा होते. बारा किंवा जास्त फुल्या असतील तर हाफ किंवा फुलचा फॉर्म भरा. सरावाचे आठवडे त्यावर चढवता येतील. आठ ते अकरा असतील तर दहा किलोमीटरची शर्यत घ्या. आठांहून कमी असतील तर या वर्षी फॉर्म भरू नका. बुधवारी सहाला खाली येणाऱ्या माणसाला विचारा, त्याला दुसरा कुठला वार सोयीचा आहे.